बर्फावरच्या वन्सं

माझ्या नणंदेइतकं जमिनीवर धड चालता न येणारं माणूस मी जन्मात दुसरं पाहिलं नाही. दाराची चौकट, टेबलाचा कोपरा, पाहुण्यांनी दाराशी काढलेल्या चपला, जिन्याची शेवटची पायरी, ह्यांतलं काहीही वाटेत आलं की ते तिला लागायचंच. हातात चहाचा ट्रे घेऊन ती स्वयंपाकघरातून निघाली, की दिवाणखान्यातली मंडळी बोलणं थांबवून पाय वर घेऊन बसत. आणि हीच मुलगी तळाला उभी पाती लावलेले बूट चढवून बर्फावर उतरली, की अशी काही जायची की पाहणाऱ्याला वाटावं, चालणं ही माणसाला उगीच लागलेली एक वाईट सवय आहे. आइस डान्सिंग, म्हणजे बर्फावरचं जोडीनृत्य, हा तिचा खेळ होता. त्यात ती स्पर्धा करायची, आणि त्या वेळी दुसरं काहीही करायची नाही.

नात्यानं ती माझी चुलत नणंद. लग्न होऊन मी पुण्याहून अमेरिकेत आले तो काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. आमची स्वतःची जागा होईपर्यंत आम्ही श्रूजबरी नावाच्या गावी नवऱ्याच्या काकांकडे, त्यांच्या तळघरातल्या खोलीत राहत होतो. काका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. जन्मभर दुसऱ्यांना झोपवून त्यांना स्वतःलाही झोपेची लागण झाली होती. कुठेही टेकले की डोळे मिटायचे. काकू मग दोघांच्या वाटची काळजी एकट्या करायच्या. त्यांची ही एकुलती एक मुलगी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. निघताना विमानतळावर माझ्या आईनं बजावलं होतं, "लहान असली तरी नणंद आहे. नाव घेऊन हाक मारू नकोस. वन्सं म्हण." त्याप्रमाणे पहिल्याच जेवणाला मी म्हटलं, "वन्सं, जरा मीठ देता का?" तिनं मागे वळून पाहिलं. मागे फक्त फ्रीज होता.

"हू इज वन्सं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

तिला तो शब्द इतका आवडला की दुसऱ्या दिवशी तिनं तो रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, नेला. तिच्या खऱ्या नावाचे तिथे रोज नवे तुकडे व्हायचे, त्यापेक्षा हे बरं, असा तिचा हिशेब. तेव्हापासून तिच्या कोच बाई, बर्फ गुळगुळीत करणारा माणूस, स्पर्धेत नावं पुकारणारे, सगळे तिला वन्सं म्हणू लागले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे तमाम परीक्षक माझ्या नात्यानं तिला ओळखतात, ही बातमी मी आईला कळवली, तेव्हा तिला त्यात माझा काहीतरी आगाऊपणा दिसला. माझं अहो-जाहो मात्र दोन आठवड्यांत सुटलं. वन्सं तेवढी राहिली.

घरात ती बहुतेक वेळ उलटी चालायची. ह्या नृत्यात निम्मा वेळ मागे जायचं असतं, मग सवय नको का? भाजी आणायला दुकानात नेली तर टोमॅटोंकडे तोंड करून कांद्यांकडे जायची. माणसं ती चेहऱ्यावरून ओळखत नसे. पावलाचा भार आतल्या कडेवर आहे की बाहेरच्या, ह्यावरून ओळखायची. "ते नाही का, जोशीकाका, आउटसाइड एजवाले!" ह्या वर्णनावरून कुणालाच बोध होत नसे. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या आरतीला ती नकळत एका पायावर उभी राही आणि दुसरा पाय मागे हळूहळू वर जाई. एकदा तो प्रसादाच्या ताटाला लागला आणि मोदक हॉलभर झाले. "देवासमोर तरी दोन पायांवर उभी राहा गं!" काकू जवळजवळ रडत म्हणाल्या.

"किती उड्या मारतेस?" असं कुणी कौतुकानं विचारलं की मात्र तिचं डोकं फिरे. "आइस डान्समध्ये उड्या नसतात! उड्या माकड मारतो." ह्या नृत्यात डोक्यावर उचलणं नाही, गरागरा फेकणं नाही, दोघांनी सतत जवळ राहून, एकमेकांचा तोल सांभाळत, तालात जायचं. "इतकं जवळ की मध्ये न्यूजपेपर ठेवला तर तो पण पडला नाही पाहिजे." एका इंजिनियर गृहस्थांनी, मग त्यात अवघड ते काय, असं विचारल्यावर तिनं त्यांना गालिच्यावर उभं केलं, एक हात पाठीवर, एक हातात घेतला आणि वॉल्ट्झच्या तालावर मागे ढकलायला सुरुवात केली. ते सोफ्यावरून पलीकडे गेले. त्यानंतर बरेच दिवस ते आमच्याकडे आले नाहीत, आणि आले तेव्हा खुर्ची भिंतीला लावून बसले.

तिचा जोडीदार होता केव्हिन. शेजारच्या वूस्टर गावचा, लाल केसांचा, ताडमाड, आणि हसला की आधी कान हलायचे. वडील छपरं दुरुस्त करायचे. मुलानं चमकीचा शर्ट घालून नाचावं हे त्यांना पटलं नव्हतं. ते रिंकवर कधी आले नाहीत. आई यायची, शेवटच्या बाकावर बसून विणत राहायची. केव्हिन सकाळी सराव करी, दुपारी डोनटच्या दुकानात काम करी आणि रविवारी आमच्याकडे खिचडी खायला येई. साबुदाणा हा कुठल्या माशाची अंडी, असं त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं, पण उत्तराची वाट न पाहता संपवली होती. काकूंचं नावच काकू आहे असं त्याला वाटायचं. काकूंना मात्र त्याची धास्ती होती. "इतकं घट्ट धरून नाचायचं, आणि म्हणे नुसता फ्रेंड!" त्या मला भांडी घासताना म्हणत. केव्हिनला मुलींमध्ये रस नाही, हे वन्संला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आईला कसं सांगावं एवढंच ठाऊक नव्हतं. काकूंनी ह्या जोडीचं लग्न होऊ नये म्हणून बरेच सोमवार केले, आणि त्याचं फळ मिळालं असंच म्हणायला हवं.

दोघांनी बर्फावर मराठी वापरायला सुरुवात केली ती शेजारून जाणाऱ्या जोड्यांना कळू नये म्हणून. वाक, हळू, मान वर, आता सोड, एवढे शब्द केव्हिनला चोख येत. ते तो इतर ठिकाणीही वापरी. काकूंनी तिसऱ्यांदा खिचडी वाढली की तो गंभीरपणे "आता सोड" म्हणे.

मी अमेरिकेत गाडी चालवायला शिकले ती ह्या दोघांसाठी. सराव पहाटे असायचा, काकांची ऑपरेशनं सकाळी लवकर, आणि काकू बर्फात गाडी काढायच्या नाहीत. त्यामुळे रोज मी. वन्सं मांडीवर बूट घेऊन शेजारी झोपायची, झोपेत पावलं हलवायची. रिंकमध्ये मी कोट, शाल आणि कानटोपी घालून कठड्याशी बसे. कोच बाई पूर्व युरोपातून आलेल्या, फरचा कोट, हातात न पेटवलेली सिगारेट. त्या कधी ओरडत नसत. चुकलं की नुसत्या छताकडे पाहत.

एका वर्षी वन्संच्या डोक्यात आलं की आपण ढोलकीवर नाचायचं. नियमाप्रमाणे गाणं चालत नसे, नुसतं संगीत हवं. काकांचे एक स्नेही ढोलकी वाजवत. त्यांना तळघरात बसवून टेप केली. कोच बाईंनी ती ऐकली, छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे संगीत पळत सुटलंय. ह्याला पकडणार कोण?" दोघांनी पकडलं. स्पर्धेत ढोलकी सुरू झाली तेव्हा एका परीक्षकानं टेप बिघडली असं समजून हात वर केला होता. वन्सं आणि केव्हिन मात्र असे सुटले, असे वळले, आणि शेवटच्या तुकड्याला असे एकदम थांबले, की मी कानटोपी काढून ओरडले. गुण फार वाईट मिळाले. गाडीत मला वाटलं ही रडेल. ती म्हणाली, "वहिनी, त्यांना कळलं नाही. पण टेबलाखाली त्यांचे पाय हलत होते. मी बघितलं."

पुढच्या वर्षी कोच बाईंनी जुन्या वळणाचं, बेताचं संगीत दिलं. पूर्व विभागातून दोघं निवडले गेले आणि राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन पोचले. तिथे पहिल्या दहांत यायचं थोडक्यात हुकलं. परतल्यावर कोच बाईंनी पहिल्यांदाच छत सोडून दोघांकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी पाचांत," त्या म्हणाल्या. त्या उन्हाळ्याइतकं हसरं घर मी पुन्हा पाहिलं नाही. काकूंनी पोशाखावर टिकल्या लावायला घेतल्या. काका जागे राहू लागले.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी केव्हिन दमायला लागला. आधी खोकला, मग ताप, मग अंगावरचा शर्ट सैल. सरावाच्या मध्येच कठड्याला टेकून तो खाली पाहत राही आणि मग कान हलवून हसे. कोच बाईंनी त्याला डोनटच्या दुकानातलं काम बंद करायला सांगितलं. एके दिवशी सरावाहून परत येताना गाडीत वन्सं आणि मी दोघीच होतो. तरीही ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, "वहिनी, केव्हिनला एड्स आहे. टेस्ट आली."

मी गाडी बाजूला घेतली. त्या आजाराचं नाव तेव्हा रोज वर्तमानपत्रात येत होतं आणि लोक ते उच्चारताना आवाज खाली आणत. औषध नव्हतंच म्हटलं तरी चालेल. वन्सं काचेतून समोर पाहत होती. "तो म्हणतो, तू दुसरा पार्टनर बघ. मी म्हटलं, शट अप. मग तो रडला. मग मी पण." एवढं सांगून तिनं बूट मांडीवर नीट ठेवले आणि म्हणाली, "चल. भूक लागली."

रिंकवर बातमी कशी फुटली कोण जाणे. कपडे बदलायच्या खोलीत केव्हिन आला की बाकीची मुलं बाहेर पडू लागली. एका मुलाच्या आईनं, ह्याला दुसरी वेळ द्या, अशी तक्रार केली. कोच बाईंनी वन्संला ऑफिसात बोलावलं. मी दाराशीच होते. कोलोरॅडोत एक मुलगा आहे, त्या म्हणाल्या, उंच आहे, तयार आहे, जोडीदारीण शोधतोय. "तुझं वय थांबणार नाही. मला हा मुलगा आवडतो, पण तो जाणार आहे. तू कशाला थांबतेस?"

"तो अजून आहे म्हणून," वन्सं म्हणाली.

कोच बाईंनी सिगारेट तोंडात धरली, काढली, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना नेहमीच्या वेळेला बोलावलं.

घरात वेगळीच धग होती. काकू वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. रोज ज्याच्या घामाला हात लागतो, त्याच्यापासून आपल्या पोरीला काय होईल, ह्या विचारानं त्यांचं जेवण सुटलं होतं. त्या रविवारी केव्हिन आला तेव्हा त्यांनी खिचडी केली, वाढलीही, पण त्याची बशी वेगळी होती, कप वेगळा होता. घरात सगळ्यांना निळ्या फुलांचे कप, आणि त्याला एक जुना पांढरा. त्याला ते कळलं. त्यानं चहा अर्धा घेतला आणि कप अलगद खाली ठेवला. वन्सं लालबुंद झाली, उठणार, एवढ्यात आरामखुर्चीत झोपलेले काका डोळे उघडून पुढे झाले. त्यांनी तो पांढरा कप उचलला, उरलेला चहा शांतपणे पिऊन टाकला आणि काकूंना म्हणाले, "साखर कमी पडलीय. त्याला दुसरा कर."

आमच्या काकू म्हणजे सख्ख्या नवऱ्याचंही उष्टं न खाणाऱ्या. तो रिकामा कप त्यांनी काकांच्या हातातून काढून घेतला. मग स्वयंपाकघरात गेल्या, आणि दुसरा चहा निळ्या फुलांच्या कपातून आला.

त्या हिवाळ्यात मी जे पाहिलं ते फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं असेल. जोडीनृत्यात पुरुषानं बाईला आधार द्यायचा असतो. वन्सं आणि कोच बाईंनी मिळून सगळी रचना अशी काही उलटी केली, की दिसायला केव्हिन तिला नेतोय आणि प्रत्यक्षात ती त्याला नेतेय. वळणावर त्याचा भार ती स्वतःच्या कमरेवर घ्यायची. तो तिला झुकवतोय असं वाटे तेव्हा तो तिच्यावर टेकून श्वास घेत असायचा. सरावात मला ऐकू यायचं, मराठीत, एका सुरात: "हळू. टेक. टेक माझ्यावर. आता सोड." तिचे खांदे संध्याकाळी दगडासारखे होत. काकू त्यांना तेल चोळत, आणि चोळता चोळता हळूच विचारत, "आज त्याला ताप होता का गं?"

पूर्व विभागाच्या स्पर्धेला दोघं उतरले. पहिल्या दिवशी सगळ्या जोड्यांना एकच ठरलेलं नृत्य करायचं होतं, टँगो. केव्हिनच्या गालांवर काकूंनी रुज लावला होता, पांढरेपणा झाकायला. मी ह्या मुलांना शेकडो वेळा नाचताना पाहिलं होतं, पण त्या दिवशीइतकं जवळ नाही. मध्ये वर्तमानपत्रच काय, काहीच मावलं नसतं. शेवटच्या वळणावर त्याचा गुडघा वाकला, आणि ते वाकणं नृत्यातलंच आहे असं दाखवत वन्सं स्वतःही वाकली, आणि दोघं एकत्र वर आले. टाळ्या पडल्या. एका परीक्षकानं नंतर कोच बाईंना शेरा ऐकवला, की मुलगी फार पुढे पुढे करते, जोडीदाराला नेऊ देत नाही. त्याबद्दल गुण कापले होते. वन्संनं ते ऐकलं आणि भर कॉरिडॉरमध्ये इतकी हसली, इतकी हसली, की तिला भिंतीला धरून बसावं लागलं. हसता हसता कधी ती रडायला लागली ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या नृत्याची पाळी होती. केव्हिन बूट घालून, ब्लँकेट पांघरून बाकावर बसला होता. उठायचा प्रयत्न त्यानं केला. मग तिच्याकडे पाहून मान हलवली. वन्संनं खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बाहेर त्यांची नावं पुकारली, पुन्हा पुकारली, आणि पुढच्या जोडीचं संगीत सुरू झालं. त्यांची स्पर्धा तिथे संपली.

केव्हिन वसंतात गेला. शेवटच्या आठवड्यांत काकू रोज हॉस्पिटलात त्याच्या आईजवळ बसायच्या. दोघींना एकमेकींचं बोलणं फारसं कळत नसे. ती विणायची, काकू लोकरीचा गुंडा धरायच्या.

चर्चमधला विधी आटोपल्यावर मागच्या हॉलमध्ये जेवण होतं. त्याचे वडील, रुंद खांद्यांचे, उन्हानं रापलेले, एका टेबलाशी एकटेच बसले होते. वन्सं बशी घेऊन चालली होती, अर्थात त्यांच्या खुर्चीला धडकली. त्यांनी वर पाहिलं. "तू ती," ते म्हणाले. मग त्यांनी पांढरा टेबलक्लॉथ बोटांनी सारखा केला. "तो चांगला होता का? नाचायला? मी कधी आलो नाही."

मला भीती वाटली ही आता काही बोलून जाईल. तोंडाची फटकळ होती ती, आणि त्या माणसावरचा तिचा राग जुना होता. पण तिनं बशी बाजूला ठेवली, खुर्ची ओढून शेजारी बसली आणि टेबलावरच्या लोणी लावायच्या दोन सुऱ्या उचलल्या. "डाव्या पायाची आतली कड कच्ची होती," ती म्हणाली. "बाकी सगळं, पूर्वेकडे त्याच्यासारखा कुणी नव्हता. हा केव्हिन. ही मी. हे आमचं ह्या वर्षीचं नृत्य. स्पर्धेत झालं नाही." आणि पांढऱ्या कापडावर तिनं ते सुरुवातीपासून दाखवायला घेतलं. इथे तो मागे जातो. इथे मी वळते, तो थांबतो, तो थांबतो तेव्हा फार सुंदर दिसतो. सुऱ्या एकमेकींना लागून सरकत होत्या, दूर जात होत्या, पुन्हा येत होत्या. ती तोंडानं संगीत गुणगुणत होती. बाप तोंडावर हात धरून पाहत होता. हॉलमधली माणसं एकेक करून गेली, तिनं एकही वळण गाळलं नाही. शेवटी दोन्ही सुऱ्या शेजारी शेजारी थांबल्या, तेव्हा त्यांनी आपला जाडजूड तळवा त्यांच्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

कोलोरॅडोच्या मुलाबरोबर तिनं पुढे एक हंगाम काढला. मुलगा खरंच चांगला होता. गुणही बरे मिळाले. "त्याचं सगळं बरोबर आहे, वहिनी," ती फोनवर म्हणाली, "तेच खटकतं मला सारखं, की सगळं बरोबर आहे." हंगाम संपल्यावर ती घरी आली आणि बूट माळ्यावर न टाकता त्याच जुन्या रिंकवर लहान मुलांना, आणि पडायची भीती वाटणाऱ्या मोठ्यांना शिकवू लागली. पंचविशीही उलटली नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेतल्या यादीत तिची आणि केव्हिनची जोडी एकदाच आहे, तीही खालच्या ओळीत. कुणाला आठवत असेल असं नाही.

इतकी वर्षं कठड्याशी बसून मी स्वतः बर्फावर कधी उतरले नव्हते. एका दुपारी तिनं मला उतरवलंच. रिंक रिकामा होता. माझे पाय दोन दिशांना जात होते, मी देवाचं नाव घेत होते. तिनं एक हात माझ्या पाठीवर ठेवला, एक हातात घेतला, आणि उलटी सरकत मला पुढे ओढायला लागली. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ, म्हणाली. थोडं अंतर गेल्यावर तिचा चेहरा बदलला.

"पडणार असशील तर आधी सांग हां, वहिनी," ती म्हणाली. "तो कधी सांगायचा नाही."

मी सांगेन म्हटलं. तिनं मान हलवली, पकड जराही सैल केली नाही, आणि आम्ही कठड्यापासून लांब गेलो.